सात किनाऱ्यांची फेरी

माझ्या थाळीच्या तळाला अकरा ओरखडे आहेत. त्यातला सर्वांत लांब सात सेंटिमीटरचा आहे आणि डावीकडून उजवीकडे जाताना तो उथळ होत जातो. म्हणजे थाळी ओढणारा हात मध्येच सावध झाला असावा. बाकीचे दहा आखूड आहेत. खडी, डांबर, विटांचे तुकडे आणि एकदा गटाराच्या झाकणाची कड, अशी त्यांची कारणे मला एकेक करून सांगता येतील. वाळूची खूण मात्र वेगळी असते. वाळू ओरबाडत नाही, घासते. तिने प्लास्टिकची चकाकी जाते आणि तळ दुधी काचेसारखा होतो. माझा तळ अजून चकाकतो.

मित्रांनो, मी एक जुना धातुशोधक आहे. बाजारात मला मेटल डिटेक्टर म्हणतात. समुद्रकिनारे धुंडाळण्यासाठी मला या घरात आणले, त्याला सहा वर्षे झाली. मी अजून समुद्र पाहिलेला नाही.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे ओळीने बाके होती आणि प्रत्येक बाकावर एक दिवा वाकून पाहत असे. माझ्या दांड्याच्या टोकाला असलेल्या थाळीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आहेत. एक वेटोळे जमिनीत हाक घालते, दुसरे उत्तर ऐकते. खाली धातू असेल तर उत्तर थोडे बदलून येते, आणि तो बदल मी शिटीच्या आवाजात माणसाच्या कानी घालतो. मला येते ते एवढेच. ही वेटोळी गुंडाळणारी बाई चष्म्याला दोरी बांधून काम करी. ती वेढे मनात मोजे, आणि कुणी मध्येच हाक मारली तर उत्तर देण्याआधी आकडा मोठ्याने म्हणून ठेवी. "त्रेसष्ट! काय गं?" बोलणे झाले की पुन्हा चौसष्टपासून सुरुवात. तिच्या हातून एकही वेढा कमी पडला नाही. माझ्या आयुष्यात जे काही चुकले, त्याचा दोष तिच्याकडे जात नाही हे मी आधीच सांगून ठेवतो.

तिथून मी एका शहराच्या पाणीपुरवठा खात्यात गेलो. रस्त्याखालून पाण्याचे नळ जातात आणि पाणी सोडण्या-थांबवण्याच्या त्यांच्या चाव्यांवर लोखंडी झाकणे असतात. रस्ता नव्याने डांबरला की ही झाकणे खाली गाडली जातात आणि कुणालाच सापडत नाहीत. ती शोधणे हे माझे काम. मला हातात धरणारा चावीवाला उंच आणि किरकिरा होता. डांबर टाकणाऱ्यांना तो रोज सकाळी शिव्या घाली, मग कानांवर माझे हेडफोन चढवून मला म्हणे, "चल, त्यांनी झाकलेलं आपण उघडं पाडू."

एकदा मोठा नळ फुटला. रस्त्याचा ओढा झाला. अभियंता छत्री विसरून पाण्यात उभा राहून ओरडत होता आणि चावी कुठे आहे ते नकाशालाही ठाऊक नव्हते. मी चार मिनिटांत झाकण दाखवले, डांबराच्या दोन थरांखाली. अभियंत्याने चावीवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबासकी माझी नाही, साहेब," चावीवाला म्हणाला, "ह्याची आहे. मी नुसता हमाल." मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते, आणि यंत्राला याहून मोठे सुख नसते.

मग पडदा असलेले नवे यंत्र आले. मला कोठारात ओल्या पोत्यांच्या मागे उभे केले. माझ्या पोटातले सेल काढायला कुणाला सुचले नाही. सेल फुटले, त्यातला क्षार झिरपला आणि माझ्या पितळी पट्ट्यांवर पांढरी खरपुडी चढली. तीन वर्षे मी तसाच होतो.

एका दुपारी खात्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतली एक तरुण बाई कोठारात आली. घरी तिला सूनबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणेन. तिने मला दांड्याला धरून उचलले आणि उजेडात नेले.

"हे? हे मुकं झालंय, ताई," कोठारवाला म्हणाला. "भंगारातच जायचंय."

"बघू तर."

तिने कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून पट्ट्यांवर टेकवला. खरपुडी बुडबुडे सोडत विरघळली. मग तिने पट्ट्या कोरड्या केल्या, नवे सेल घातले आणि आपल्या किल्ल्यांवरून मला फिरवले. मी बोललो. ती हसली नाही. तिने हलकेच सुस्कारा सोडला, जणू एक काम कमी झाले. पुढे मला कळले की तिला खरेच तसे वाटले होते. ती मनाशी म्हणाली होती, एक-दोन रविवार जातील, सासऱ्यांचे समाधान होईल, आणि मग पुढचे बघता येईल.

त्या घरात तिघे जण होते. पुढच्या खोलीत एक मोठे टेबल, त्यावर काच. भिंतीला दोन कपाटे, आणि त्यांच्या मधल्या खिळ्याला मी. सासरे कारखान्यात चाळीस वर्षे टर्नर होते. लोखंडाचा दांडा केसाच्या जाडीइतका कमी करायचा असला तरी ते चष्मा न लावता करत. गल्लीत त्यांना मिस्त्री म्हणत. सासूबाई कमी बोलत आणि घरातली प्रत्येक वस्तू पाहिल्याशिवाय हाताला लागेल अशा जागी ठेवत. आणि सूनबाई. चौथा माणूस भिंतीवर नव्हता. त्याचा फोटो लावू दिलेला नव्हता. फोटो लावायचा म्हणजे पुढे काय, हे तिघांनाही माहीत होते.

तो त्यांचा एकुलता एक मुलगा. बोटींची इंजिने दुरुस्त करी. लहानपणापासून हातात पाना, म्हणून सगळे त्याला पान्याच म्हणत. मी येण्याच्या आदल्या वर्षी एक बोट दुरुस्त करून तिची चाचणी घ्यायला तो एकटाच समुद्रात गेला. वारा फिरला. बोट परत आली नाही. बारा दिवसांनी किनाऱ्यावर दोन फळ्या आणि तेलाचा एक डबा सापडला. तो सापडला नाही.

त्याच्या बोटीत हत्यारांची पेटी होती. आतले सगळे पाने मिस्त्रींनी स्वतः घडवलेले, आणि प्रत्येकावर त्यांनी एक खूण ठोकली होती, त्रिकोण आणि त्यात ठिपका. "पेटी लाकडी आहे," मिस्त्री म्हणत. "वाहत कुठंतरी लागलीच असणार. एक पाना सापडला तरी कळेल, बोट कुठं फुटली. मग पोराचंही कळेल." त्यासाठी मला आणले होते.

मिस्त्रींनी आलेखाच्या कागदावर सगळा किनारा काढला. सात किनारे, एक ते सात आकडे घातलेले. फळ्या सापडलेला तिसरा किनारा तांबड्या पेन्सिलीने काढला होता. प्रत्येकाची लांबी, ओहोटीला उघडी पडणारी रुंदी, गाडी कुठवर जाते, गोडे पाणी कुठे मिळते, सगळे बारीक अक्षरात. शेजारी भरती-ओहोटीचे वेळापत्रक. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, आणि तेव्हाची ओहोटीही तितकीच लांब मागे हटते; तेच दिवस त्यांनी धरले होते. कोणत्या ओळीने चालायचे, दांडा किती झुलवायचा, कोण खणणार, कोण लिहिणार, सगळे ठरले होते. मिस्त्री मला हाती घेऊन टेबलाभोवती त्या ओळी चालून पाहत. एरवी दिवसाकाठी दहा वाक्ये न बोलणारा माणूस अशा वेळी तासभर बोले. सूनबाई वही घेऊन समोर बसे आणि लिही.

पहिल्या वर्षी निघायच्या आठवड्यात त्यांचा गुडघा सुजला. पुढच्या वर्षी हेडफोनची वायर तुटली आणि तसल्या मापाची मिळेना. नंतर एकदा ओहोटी पहाटे होती आणि उजेड पुरणार नव्हता. एकदा सगळे जुळले, पण मिस्त्रींना वाटले की दुसऱ्या किनाऱ्याची रुंदी पुन्हा एकदा तपासून घ्यायला हवी. सासूबाई दर वर्षी पिशवी भरत. टॉवेल, टोप्या, मलमाची डबी, पाण्याच्या दोन बाटल्या. आणि दर वर्षी त्याच क्रमाने रिकामी करत. त्यांनी एकदाही विचारले नाही की कधी निघायचे.

शेजारी शिंप्याचे दुकान होते. तो दारातून डोके घाले. "काय मिस्त्री, यंदा तरी निघताय ना? का नमनालाच घडाभर तेल?"

"तू तुझी बाही नीट लाव," मिस्त्री म्हणत. "मागच्या वेळी डावी उजवीला लावलीस."

"बाही उलटी लागली तर उसवता येते हो. तुमचं काय उसवायचं? तुम्ही टाकाच घातला नाहीत अजून."

मिस्त्री हसत, आणि तो गेल्यावर बराच वेळ नकाशाकडे बघत राहत. मी खिळ्यावरून त्यांचे डोळे पाहिले आहेत. मित्रांनो, त्या डोळ्यांत घाई कधीच नव्हती. किनारा शोधून झाला आणि काही मिळाले नाही, तर शोधायला उरणार काय? फेरी निघायची बाकी होती तोवर पान्याही यायचा बाकी होता.

आता सूनबाईचे सांगतो. ती हिशेबी डोक्याची होती. दुसऱ्या वर्षी एका दुपारी, घरात कुणी नसताना, तिने वहीच्या शेवटच्या पानावर गणित मांडले. एक नंबरचा किनारा एकोणीसशे मीटर लांब, ओहोटीला साठ मीटर रुंद. माझी झुलती थाळी एका वेळी मीटरभर पट्टा तपासते. म्हणजे एकाच किनाऱ्यावर एकशे चौदा किलोमीटर चालायचे, तेही तासाला किलोमीटरच्या गतीने. ओहोटीचे रोज चार तास धरले, तर एकोणतीस दिवस. किनारे सात. त्याखाली तिने दुसरे गणित केले. पेटीचे बाहेरचे माप चाळीस, वीस, पंधरा सेंटिमीटर. म्हणजे बारा लिटर. आत अकरा किलो लोखंड, पेटीचे स्वतःचे वजन अडीच. बारा लिटरच्या पेटीला समुद्र बारा किलोहून थोडेसेच जास्त उचलू शकतो. साडेतेरा किलोची पेटी वाहत जात नाही. ती बोटीजवळच तळाला गेली, आणि बोट खोल पाण्यात होती.

तिने ते पान फाडले, चार घड्या घातल्या आणि कचऱ्यात टाकले. संध्याकाळी मिस्त्रींनी विचारले, "सूनबाई, चौथ्या किनाऱ्याची ओहोटी किती वाजता लिहिलीस?" तिने वेळ सांगितली.

मलाही एक गोष्ट ठाऊक होती आणि मी ती सांगू शकत नव्हतो. माझ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या सतराव्या पानावर एक ओळ आहे: खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूत हे यंत्र वापरू नये. मी रस्त्यांसाठी घडलो होतो. खारे पाणी विजेला वाट देते, आणि माझ्या वेटोळ्यांना त्याचे उत्तर धातूच्या उत्तरासारखेच लागते. सूनबाईने ती ओळ पहिल्याच आठवड्यात वाचली होती. मी पाहत होतो. तिने पानाचा कोपरा दुमडला, मग पुन्हा सरळ केला.

तिला दोष देऊ नका. नकाशा पसरला की सासरे दोन घास जास्त जेवत. सत्य सांगायचे आणि त्यांचे तेवढेही बोलणे बंद करायचे, हे तिच्याने झाले नाही.

पाचव्या वर्षी कचेरीतून एक कागद आला. बोट बुडाली, माणूस परतला नाही, तो मृत झाला असे घरच्यांना मान्य आहे, असा त्यावर मजकूर होता. खाली दोन सह्या हव्या होत्या: एक पत्नीची, एक आईवडिलांपैकी कुणाचीही. मिस्त्रींनी तो चष्मा लावून वाचला.

"आधी फेरी होऊ दे," ते म्हणाले. "मग बघू."

कागद टेबलाच्या खणात गेला.

त्याच सुमारास प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी सूनबाईला बोलावून सांगितले, की डोंगराकडच्या शहरात नवी प्रयोगशाळा होते आहे, तिथे प्रमुख म्हणून जा. काम तिच्या आवडीचे, राहायला खोल्या. अर्ज घेऊन ती घरी आली आणि टेबलाशी बसली. नाव लिहिले, वय लिहिले, शिक्षण लिहिले. पुढचा रकाना होता: विवाहित, अविवाहित, विधवा, लागू असेल त्यावर खूण करा. तिचे पेन रकान्यावर आले आणि थांबले. पंधरा मिनिटे ती तशीच बसली होती. ती तेहतीस वर्षांची होती आणि तिन्हींपैकी एकही शब्द तिचा नव्हता. तिने अर्ज मिटला. पुढच्या वर्षी मोठ्या बाईंनी तोच अर्ज पुन्हा पाठवला, यंदा तारीख घालून. सोमवारपर्यंत.

यंदा आमची तयारी कधी नव्हे इतकी पुढे गेली होती. सूनबाईने रजा घेतली होती. गाडी ठरली होती. पिशवी भरून दाराशी होती. शनिवारी निघायचे, रविवारी सकाळी अमावास्येची ओहोटी, थेट तिसऱ्या किनाऱ्यावर. मलाही, खरे सांगतो, क्षणभर वाटले की आपला तळ आता दुधी होणार.

शनिवारी सकाळी चहा घेता घेता मिस्त्री म्हणाले, "सूनबाई, मी काय म्हणतो, यंदा राहू दे."

तिने दाराशी भरून ठेवलेल्या पिशवीकडे पाहिले.

"थाळीची पुरती तपासणी झालेली नाही. वीस सेंटिमीटर खाली बारा नंबरचा पाना तिला ऐकू येतो का, हे पक्कं करायला हवं. कच्च्या मापावर एवढ्या लांब जायचं म्हणजे..." त्यांनी कप बशीत ठेवला. "पुढच्या वर्षी ओहोटीही यंदापेक्षा चांगली आहे. मी पाहून ठेवलंय."

"पाना किती खोल म्हणालात, बाबा?"

"वीस."

"मग आजच पक्कं करू की," सूनबाई म्हणाली. "माझी रजा आहेच."

मागच्या मोकळ्या जागेत अर्धा कापलेला पिंप वाळूने भरून ठेवलेला होता. मिस्त्री मला त्यातच तपासत. त्यांनी बारा नंबरचा पाना मोजपट्टीने मोजून वीस सेंटिमीटर खाली पुरला. वाळू कोरडी होती. त्यांनी मला झुलवले. पान्यावर आलो तसा मी बोललो, स्पष्ट, दोनदा. मिस्त्रींचा चेहरा उजळला. त्यांनी मला पुन्हा फिरवले, उगीचच.

"ऐकलंस? म्हातारा आहे, पण कान शाबूत आहेत."

"ऐकलं. आता माझी तपासणी," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातून तिने मीठ, एक बादली आणि प्रयोगशाळेतला छोटा तराजू आणला. बादलीत दहा लिटर पाणी मोजून ओतले. तीनशे पन्नास ग्रॅम मीठ तोलले.

"हे कशाला गं?" मिस्त्रींनी विचारले.

"लिटरला पस्तीस ग्रॅम, बाबा. समुद्राच्या पाण्यात एवढंच असतं."

तिने ते पाणी पिंपात ओतले. वाळू काळसर झाली. मग तिने मला हाती घेतले. तिचे हात थरथरत नव्हते. नमुना तपासताना ते कधीच थरथरत नसत.

मित्रांनो, मी ओरडू लागलो. पान्यावर ओरडलो, पान्याच्या डावीकडे ओरडलो, उजवीकडे ओरडलो. सगळी ओली वाळू मला लोखंडच वाटत होती. सूनबाईने वाळूत हात घालून पाना बाहेर काढला, धुऊन बाजूला ठेवला आणि मला पुन्हा फिरवले. मी तसाच ओरडत होतो. पिंपात आता काहीही नव्हते.

"बटण कमी कर," मिस्त्री म्हणाले. "जोर कमी कर त्याचा."

तिने केला. ओरडणे थांबले. मग तिने पाना परत पुरला, वीस सेंटिमीटर. मी गप्प. दहा. मी गप्प. पाच सेंटिमीटरवरही गप्प. मला सगळीकडे लोखंड ऐकू येई, किंवा कुठेच नाही. मधले काही मला येत नव्हते.

मी खोटे बोललो नाही, मित्रांनो. मला तो फरकच कळत नाही.

"तुला हे कधीपासून ठाऊक होतं?" मिस्त्रींनी विचारले.

"पहिल्या वर्षापासून."

"पहिल्या वर्षापासून," ते म्हणाले. ते पिंपाच्या कडेला टेकले. शिंप्याच्या दुकानातले यंत्र भिंतीपलीकडे चालू होते, थांबत होते, चालू होत होते. "आणि सहा वर्षं माझ्यासमोर बसून ओहोट्या लिहिल्यास?"

"तुम्ही सांगत होतात, बाबा. मी लिहीत होते."

पुढे जे घडले त्यात मला बोलायला जागा नाही, म्हणून मी माझी विनंती इथेच करतो. माझ्यासारखी यंत्रे वापरून झाली की त्यांच्यातले सेल काढून ठेवा. विसरलेला सेल आतून खातो. यंत्र ज्यासाठी घडले तेच त्याला विचारा, आणि त्याच्या पुस्तिकेतले सतरावे पानही वाचा. आणि एखाद्या गोष्टीचे माप घ्यायचे ठरवले असेल, तर ते घ्या. माप घ्यायची तयारी करण्यात माणसाची वर्षे जातात, आणि शेजारी आणखी कुणाचीतरी जात असतात. ती मी खिळ्यावरून पाहिली आहेत. चावीवाल्याच्या हातात असताना मला वाटे, की जगातले प्रत्येक झाकण कधी ना कधी सापडते. आता मला तसे वाटत नाही.

आम्ही पुढच्या खोलीत आलो. मला टेबलावर, नकाशावरच ठेवले. सासूबाई दाराशी खाली बसून पिशवी रिकामी करत होत्या. टॉवेल, टोप्या, मलमाची डबी.

मिस्त्री खुर्चीत बसून होते. बऱ्याच वेळाने त्यांनी पेन्सिल उचलली आणि कागदाच्या कडेवर टोकटोक केले. मग त्यांचा आवाज आला, पूर्वीचाच, योजना आखतानाचा.

"खाऱ्या वाळूत चालणारीही यंत्रं असतात. असणारच. बुडालेली जहाजं शोधतात ना लोक? हे आपलं चुकीचं होतं, एवढंच. सूनबाई, वही घे. पुढच्या वर्षापर्यंत तसलं एखादं मिळवायचं. कोण विकतं, किती खोल ऐकतं, सगळं आधी लिहून काढू."

सूनबाईने त्यांच्याकडे पाहिले. मला वाटले ती आता सगळे सांगेल. एकशे चौदा किलोमीटर, बारा लिटर, साडेतेरा किलो. तिचे ओठ उघडले. पण मिस्त्रींचे डोळे पुन्हा जेवायला बसलेल्या माणसाचे डोळे होते. तिने वही ओढली, नवे पान काढले आणि वर तारीख घातली.

"लिहू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिले. सासूबाई हातातली बाटली तशीच धरून उभ्या राहिल्या होत्या.

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?" मिस्त्री म्हणाले. "यंत्राची गोष्ट चाललीय."

"यंत्राचं मला काही कळत नाही. लोखंडाचं कळतं थोडं. चाळीस वर्षं तुमच्या कपड्यांतून लोखंडाचा चुरा झटकलाय मी." त्या टेबलापाशी आल्या. "तुम्ही सांगा मला, अहो. चाळीस वर्षं लोखंड कापलंत. एकदा तरी तरंगलं का ते?"

पेन्सिल मिस्त्रींच्या बोटांत आडवी होती.

"ती पेटी तुम्ही केलीत. पोराला नेताना जड जायची, खांदा बदलत न्यायचा. जिन्यावर ठेवली की जिना हलायचा. ती कुठं जायचीय वाहत?" त्यांचा आवाज चढला नाही. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्हालाही होतं. हिलाही होतं. तिघंही एकमेकांना सांभाळत बसलो. मी सहा वेळा पिशवी भरली, ते काय मला समुद्र बघायचा होता म्हणून?"

"आई, बसा तुम्ही," सूनबाई पुटपुटली.

"बसलेच होते गं. सात वर्षं बसले." त्यांनी बाटली नकाशावर ठेवली, माझ्या थाळीशेजारी, आणि सुनेच्या हातातून पेन काढून घेतले. "त्याची वाट बघताना तुझं वय चाललंय, पोरी. तो माझ्या पोटचा आहे. तो गेला हे मी नाही म्हणणार, तर कोण म्हणणार?"

मिस्त्रींनी एक हात पुढे केला, थांबवायला की धरायला ते मला कळले नाही.

सासूबाईंनी त्या हाताकडे पाहिले आणि मान हलवली.

"आपला पोरगा बुडाला," त्या म्हणाल्या. "खणातला कागद काढ, सूनबाई. सही मी करते."